टिल्डवाला

मेनचा शेवटचा महिरपी कंस बंद होतो आणि मग हा गडी कामाला लागतो. नाव डिस्ट्रक्टर, सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारा. क्लासचंच नाव लावतो, फक्त आधी टिल्डची नागमोडी रेघ. शेगावात शिकलेल्या पोराला सांगायचं तर हा गजानन महाराज संस्थानातला सेवेकरी: आर्ग्युमेंट मागत नाही, काही परत देत नाही, गर्दी ओसरली की जागा लख्ख करून जातो.

शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 सालचं. ‘सी प्लस प्लस’ हे नावही त्याच वर्षी पडलं. पुढे महाराष्ट्रभरच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लसचा निळा पडदा वर्षानुवर्षं टिकला, आणि कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरचं प्रॅक्टिकल जर्नलात ठरलेलंच. आउटपुट दिसावं म्हणून पोरं मेनच्या शेवटी ‘गेटच’ टाकायची. ‘ऑब्जेक्ट तयार झाला’ अशा ओळी उमटायच्या. कळ दाबली की परत निळा पडदा. डिस्ट्रक्टरची ओळ यायची ती कळ दाबल्यावर, कंस बंद होताना. दिसणार कुणाला? आल्ट आणि एफ-फाइव्ह दाबून मागचा पडदा काढला, तर हा तिथे हजर. त्याचं तोंड न पाहताच कित्येकांनी जर्नलावर सही घेतली असेल.

तोंडी परीक्षेत मात्र एक्स्टर्नल त्यालाच धरतो. ए, बी, सी असे ऑब्जेक्ट ओळीने केले. आधी कोण जाणार? सी. जो मागून आला तो पुढच्याच्या आधारावर उभा असू शकतो, म्हणून आधी त्याला उतरवायचं. एका ऑब्जेक्टच्या पोटातही हाच शिरस्ता: आधी बेस क्लास, मग मेंबर, शेवटी कन्स्ट्रक्टरची बॉडी, जाताना बरोबर उलटं. मेंबरांचा क्रम क्लासमध्ये ज्या ओळीने लिहिले तोच. इनिशियलायझर लिस्टमध्ये खालीवर लिहा, भाषा ढुंकूनही बघत नाही. हट्टीपणा वाटतो, पण एका क्लासला कन्स्ट्रक्टर चार असतील, चौघांच्या लिस्टचा क्रम चार तऱ्हांचा, डिस्ट्रक्टर एकटाच. त्याने कोणत्या क्रमाच्या उलट जायचं? म्हणून क्रम एकच.

हिशेबाला तर इतका पक्का की कन्स्ट्रक्टर अर्ध्यात अपवाद फेकून पडला, तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर येतच नाही. जे पुरतं उभं राहिलंच नाही ते मोडायचं काय? पूर्ण झालेले बेस आणि मेंबर तेवढे आवरले जातात.

त्याची एक दुखरी नस आहे. दोन वेगळ्या फाइलींतले ग्लोबल ऑब्जेक्ट. त्यांत आधी कोण जन्मणार, हे भाषेने ठरवलेलं नाही. त्यामुळे जाताना कोण कुणाच्या पायाखालची जमीन काढेल, सांगता येत नाही. जाणते म्हणून ग्लोबल टाळतात आणि ऑब्जेक्ट फंक्शनच्या आत स्टॅटिक ठेवतात, म्हणजे तो पहिल्या हाकेलाच जन्मतो.

जावाने ‘फायनलाइझ’ नावाचा गडी ठेवला होता. कधी येईल, येईल की नाही, भरवसा नाही. 2017 साली जावा 9 मध्ये त्याला ‘वापरू नका’चा शिक्का बसला. बरंच झालं.

आपल्या टिल्डवाल्याकडून काम हवं असेल तर एक करा. बेस क्लासच्या पॉइंटरवरून डिलीट होणार असेल, तर बेसच्या डिस्ट्रक्टरपुढे ‘व्हर्च्युअल’ लिहायला विसरू नका.