मागे वळून

मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांत डोके घालावे, दगडांत घालू नये, असे आमच्या घरचे मत आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात यवतमाळहून नागपूरला भाचीच्या लग्नाला गेलो आणि हळदीचा गोंधळ चुकवून काटोल रस्त्यावरचे जुनापाणी गाठले.

माळावर काळ्या पाषाणाचे धोंडे गोलाकार मांडलेले. अशी सुमारे ३०० वर्तुळे इथे नोंदली गेली आहेत. ही सारी थडगी. एवढाले दगड पाहून आपण ‘अश्मयुग’ म्हणून मोकळे होतो. पण १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा आत लोखंड निघाले. म्हणजे ही माणसे लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. जवळच्या माहूरझरीला तर मृताच्या सोबतीला पुरलेला घोडा सापडला. त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता.

हे सारे मी वाचून गेलो होतो. पण एका धोंड्यावर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले दिसले आणि मी जागीच थबकलो.

असे खळगे मी लहानपणी पाहिले होते. बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात, पडीत तुकड्यात, असेच काळे धोंडे होते. त्यांतल्या एकावरच्या खळग्यांत चिंचोके टाकून आम्ही भावंडे खेळत असू. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी तो तुकडा वहितीखाली आणला. वखराला अडतात म्हणून सारे धोंडे पहारीने उलथून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेले. मीही हात लावला होता. ते गोलात होते का? काही केल्या आठवेना. दहा वर्षांच्या पोराला गोल दिसत नाही; आडवा आलेला दगड तेवढा दिसतो.

आणि तिथे थडगे असणे अशक्य तरी कुठे आहे? आमच्याच तालुक्यात, पाचखेडला, नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले, तेव्हा टेकाडाच्या तळाच्या थरात लोहयुगातली वस्ती निघाली. घराची जमीन निघाली, चूल निघाली. ज्यांना मी परक्या काळातले समजत होतो, ते आमच्याच पंचक्रोशीत रांधत होते.

बाबांना विचारावे, तर दोन वर्षांपूर्वी त्यांना मीच अग्नी दिला. त्यांचा अश्मा दहा दिवस जपला, त्यावर तिलांजली दिली, दहाव्या दिवशी बेंबळेच्या पाण्यात सोडला आणि रीतीप्रमाणे मागे वळून न पाहता घरी आलो. आपल्या मृताचा दगड आपण दहा दिवस सांभाळतो. दुसऱ्या कुणाच्या मृताचे दगड आम्ही बापलेकांनी दोन दिवसांत हलवले असतील.

परतताना गावी उतरलो. धुऱ्यावर बाभळीखाली तो धोंडा अजून आहे. खळगे मातीने बुजलेले.

धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, रस्त्याच्या कामाला दगड मागतात. देऊन टाकू?’’

‘‘नको. आणि त्या तुकड्यात खोल नांगरटही करू नकोस.’’

‘‘का?’’

‘‘दगड हलवले आपण. खाली कुणी असेल, तर ते अजून तिथेच आहे.’’

तो काही बोलला नाही. बाभळीखालून निघताना पायातल्या वहाणा मात्र त्याने हातात घेतल्या.

विद्यापीठाला पत्र लिहिले आहे. उत्तर येईल तेव्हा येईल. त्या संध्याकाळी निघताना मी धुऱ्यावरून मागे वळून पाहिले. मृताला निरोप देताना असे पाहणे शास्त्राला मंजूर नाही. पण पुरातत्त्व हेही शास्त्रच आहे, आणि त्यात तेवढेच करायचे असते.