विमानाचं तिकीट आणि अकस्मात भय



बॅग भरून झाली आहे. बाळंतशेपा, सुंठ, खारकेची पूड, जुन्या सुती साडीची दुपटी. परवा मुंबईहून लंडनचं विमान आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण. दशलक्षण पर्व आटोपलं की निघायचं, असं आधीपासूनच ठरलं होतं. तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यात काढलं, आणि १२ जूनला दुपारी टीव्हीवर अहमदाबाद दिसलं.

तुम्ही सगळ्यांनीच ते पाहिलं असेल. लंडनलाच निघालेलं एअर इंडियाचं विमान. जमीन सोडल्यावर एका मिनिटाच्या आत कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, एकटा प्रवासी वाचला. खाली वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाची मेस होती, मुलं जेवायला बसली होती. जमिनीवरचे १९ जण गेले.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "तिकीट रद्द करा. बाळ चार महिन्यांचं झालं की तेच येतील इकडे."

ह्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एका कागदावर दोनच आकडे लिहून दिले. २०२४ या वर्षात जगभरात व्यावसायिक विमानांची चार कोटींच्या वर उड्डाणं झाली, त्यांपैकी जीवघेणे अपघात सात. आणि आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे दिवसाला ४६० हून जास्त. "सांगली ते मुंबई गाडीने जाताना तू झोपा काढतेस," एवढंच म्हणाले.

आकडे पटले. पोटातला गोळा मात्र हलला नाही.

त्याच आठवड्यात बस्तीत अभिषेकानंतर आम्ही बायका बसलो होतो. विषय तोच. एक काकू म्हणाल्या, "सगळ्यांचं आयुकर्म एकाच वेळी संपलं, दुसरं काय? होणारं चुकत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण घरी आल्यावर मला कसंतरीच वाटत राहिलं. ताटावर बसलेल्या त्या मुलांच्या आयांना कोणी जाऊन हेच सांगितलं असतं तर?

चातुर्मास सुरू झाल्यावर आर्यिका माताजींना मी हे विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "दुसऱ्याचं कर्म मोजायला आपण केवली आहोत का?" मग म्हणाल्या, शास्त्रात सात भयं सांगितली आहेत, त्यांतलं एक अकस्मात भय. ते जावं म्हणून स्वाध्याय करा. पण कर्म सिद्धांताच्या आड प्रमाद लपवू नका.

प्रमाद हा शब्द मी मनात धरून घरी आले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या आहे, तिचा गाभाच प्रमाद आहे. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून चालतात. एवढं करूनही पायाखाली एखादा जीव आला, तर त्यांना हिंसेचा दोष नाही. न बघता धावणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही, तरी त्याला दोष आहेच. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं होतं. विमानांबद्दल वाचताना ते पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

कारण मुलगा पाठवत गेला ते मी वाचत गेले, तेव्हा कळलं की विमानाच्या जगातही असंच आहे. अपघात झाला तरच तपास होतो असं नाही. दोन विमानं जवळून गेली, कोणाला ओरखडासुद्धा आला नाही, तरी गंभीर घटना म्हणून तपास होतो. आणि आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की हा तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुन्हा घडू नये एवढ्यासाठी असतो. आपण आलोचना करतो ती तरी कशासाठी? आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची, म्हणजे तीच चूक परत होऊ नये.

वीस वर्षं विमान चालवलेला वैमानिकसुद्धा प्रत्येक उड्डाणाआधी यादी काढून एकेक गोष्ट तपासतो. त्याला पाठ नसते का? असते. आपण नळाचं पाणी स्वच्छ दिसत असलं तरी रोज फडक्यातून गाळतोच ना? काल गाळलं होतं म्हणून आज सोडून देत नाही. हे वाचल्यावर पहिल्यांदा माझी भीती थोडी उतरली.

मग टेनेरिफचं वाचलं. २७ मार्च १९७७. स्पेनच्या त्या बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. एका जम्बो विमानाचे कॅप्टन कंपनीतले फार ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारे. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्यांनी विमान धावपट्टीवर सोडलं. दुसरं जम्बो अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टननी ती ठामपणे उडवून लावली. तो पुढे काही बोलला नाही. दोन्ही विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. विमानांच्या इतिहासात याहून मोठा अपघात झालेला नाही.

त्यानंतर वैमानिकांना शिकवण्याची पद्धतच बदलली. धाकट्याने न घाबरता बोलायचं आणि मोठ्याने ऐकून घ्यायचं, याचं वेगळं प्रशिक्षण सुरू झालं.

हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. मला आमचा चौका आठवला.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष. गावात मुनिसंघ आला होता आणि आमच्याकडे चौका लागला होता. सकाळी शुद्ध कपड्यात मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात शिरलो, तेव्हा मला गॅसचा वास आला. सासूबाई शेगडीपाशी, हातात काडी. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. चौक्यात फार बोललेलं त्यांना चालत नसे, आणि नव्या सुनेने त्यांना काय शिकवायचं? भपकन जाळ झाला. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. डाग अजून आहे. मला वास आला होता हे मी कोणालाच सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं. प्रत्येक क्षमावाणीला त्यांच्या पाया पडून क्षमा मागितली, पण हे सोडून.

यंदा क्षमावाणीला सांगितलं. "आई, त्या दिवशी मला वास आला होता. मी बोलले नाही."

त्या बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही आला होता गं. पण नव्या सुनेसमोर खिडक्या उघडत बसायचं, म्हणजे आपलीच चूक झाली असं दिसलं असतं. म्हटलं, काही होत नाही."

दोघींना वास आला होता आणि दोघी गप्प होतो. आयुकर्म शाबूत होतं म्हणून वाचलो, असं खुशाल म्हणावं. पण प्रमाद घडला तो घडलाच.

अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात एवढं सांगितलं आहे की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंदच्या स्थितीत गेले. का गेले, हे त्यात नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र सगळ्यांचा निकाल लागून गेला आहे. मैत्रिणींनो, ते संदेश पुढे पाठवू नका. गेलेल्या माणसावर आळ घेणं हेही पापच.

आता परवाचं. प्रवासाला निघताना आपण नियम घेतो, विमानात बसल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत आहार-पाण्याचा आणि परिग्रहाचा त्याग. मी इतकी वर्षं तो नुसता म्हणायची. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले. सामान मागे ठेवून निघा, असं सांगितलं गेलं आणि लोकांनी ऐकलं. एकेकाने वरची बॅग काढायला दोन मिनिटं घेतली असती तर?

म्हणून परवा सीटवर बसल्यावर आधी णमोकार, मग नियम. मग दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजणार, आणि हवाईसुंदरी सांगेल ते मोबाईल बाजूला ठेवून ऐकणार. वेळ आलीच तर सुंठ, खारीक, दुपटी सगळं सोडून उठायचं, हे मनाला आत्ताच सांगून ठेवलं आहे.

भीती गेली का? नाही. काल रात्रीही जाग आली होती. पण तिकीट रद्द केलेलं नाही. निघताना शेगडी आणि सिलिंडर कोण बघणार, असं मी सासूबाईंना विचारलं. "मी बघते," म्हणाल्या, "आणि तुझ्या पोराला सांगितलंय, मी विसरले तर मला टोक."

बाळाची बातमी तिकडून कळवीनच. कोणाला काही बोललेलं लागलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.