किल्ल्यावरचं नाव

सिनेमाला उशिरा पोचण्यात आम्ही दोघेही तरबेज. पार्किंग, पॉपकॉर्न, कोट कुणाच्या मांडीवर ठेवायचे यावरचा वाद, एवढं होईपर्यंत पडद्यावर निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते. पण १९९१ च्या थंडीत 'ब्यूटी अँड द बीस्ट'ला मात्र आम्ही चक्क वीस मिनिटं आधी जाऊन बसलो, कारण बरोबर आई होत्या. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. या लेखापुरत्या दोघांच्याही.) आई कोल्हापूरच्या. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली त्यांच्या गावात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली, याचा राग त्यांनी जन्मभर पुणेकरांवर काढला. त्यांच्या लेखी सिनेमा सुरू होतो तो तुतारी फुंकणाऱ्या त्या बाईपासून. तुतारी चुकली की तिकिटाचे पैसे फुकट.

दिवे मालवले, जाहिराती संपल्या आणि निळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचा किल्ला उभा राहिला. एक तेजाची रेघ त्याच्यावरून कमान काढून गेली. खाली झोकदार अक्षरांत वॉल्ट डिस्ने. "ही यांची तुतारी वाटतं," आई म्हणाल्या, पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू. त्यानंतरच्या दीड तासातलं इंग्रजी त्यांना किती कळलं देव जाणे, पण ती थोडी सेकंदं त्यांना पुरती कळली होती. घरी येताना गाडीत पहिला प्रश्न आला, "हा वॉल्ट कोण?"

कंपनी काढणारा, १९६६ च्या डिसेंबरात वारला, असं आम्ही सांगितलं.

"म्हणजे पंचवीस वर्षं झाली की! तरी अजून नाव पुढे ठेवलंय. माणसं बरी दिसतात."

आता खरं सांगायचं तर तो किल्ला तेव्हा काही फार जुना नव्हता. आम्ही १९७४ साली इथे आलो तेव्हा डिस्नेच्या सिनेमाआधी बुएना व्हिस्टा या त्यांच्या वितरण कंपनीचं नाव यायचं. बरबँकला ज्या रस्त्यावर स्टुडिओ आहे त्या रस्त्याचंच ते नाव. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने कंपनीला 'लक्ष्मी रोड' म्हणावं तसं! किल्ला आला १९८५ साली. आधी 'रिटर्न टू ओझ'मध्ये त्याची छोटी आवृत्ती दिसली आणि मग 'द ब्लॅक कॉल्ड्रन'मध्ये वाजतगाजत पूर्ण. हे दुसरं चित्र सपशेल पडलं, किल्ला मात्र उभा राहिला. त्याच्यामागची धून 'पिनोकिओ' या १९४० च्या चित्रातल्या गाण्याची, नव्याने बांधलेली. आमचा मुलगा ती धून तोंडाने वाजवत शाळेची बस पकडायचा. 'शुभं करोति'ची चाल त्याला कधी इतकी पाठ झाली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आई दुसऱ्यांदा आल्या १९९५ साली. त्या नोव्हेंबरात 'टॉय स्टोरी' लागला आणि त्यात किल्ला बदललेला. सगळा सिनेमा काँप्युटरवर केलेला, तेव्हा किल्लाही काँप्युटरवरचा, गोलाई असलेला, आणि धूनही वेगळी, रँडी न्यूमनची. आईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि "हा दिवाळीतला वाटतोय, मुलांनी केलेला," असा निकाल दिला. पुढे नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांना कॅलिफोर्नियात डिस्नेलँड दाखवायला नेलं. आमची कल्पना अशी की अस्सल किल्ला बघून बाई खूश होतील. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढाच?"

आम्ही बाजू मांडली. तो सत्त्याहत्तर फूटच उंच आहे, पण वर जाताना विटा लहान लहान करत नेल्या आहेत म्हणजे नजरेला उंच वाटतो. कल्पना जर्मनीतल्या एका राजाच्या किल्ल्यावरून घेतली आहे. फ्लोरिडातला, १९७१ चा, याच्या दुपटीहून मोठा आहे. पण जन्मभर पन्हाळा बघितलेल्या बाईपुढे हे काय टिकणार? "विटा लहान केल्या म्हणजे फसवलंच की," एवढं बोलून त्या बसायला बाक शोधू लागल्या.

२००३ साली आई गेल्या. त्यामुळे २००६ च्या उन्हाळ्यात 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या दुसऱ्या भागाआधी जे दिसलं ते त्यांना बघायला मिळालं नाही. रात्रीच्या आकाशातून आपण खाली येतो, ढगांतून, नदीवरून. एक आगगाडी धूर सोडत जाते, एक जहाज दिसतं, मग किल्ल्याच्या टोकावरचा झेंडा आणि त्यावर डिस्ने घराण्याचं चिन्ह. मग आतषबाजी, कमान आणि सही. जवळजवळ अर्धं मिनिट हा सोहळा चालतो. पहिल्या डिस्नेलँडचा आणि फ्लोरिडाचा असे दोन्ही किल्ले त्यात मिसळले आहेत म्हणे. आम्ही दोघांनीही काही न बोलता एकमेकांकडे पाहिलं. या किल्ल्याला "एवढाच?" म्हणायची सोय नव्हती.

आणि मग २०११ चा नोव्हेंबर. 'द मपेट्स' लागला होता. किल्ला तोच, नदी तीच, झेंडाही तोच. खाली नाव मात्र नुसतं 'डिस्ने'. वॉल्ट गेला, पिक्चर्सही गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आमच्या आलं, कारण पुढच्याच महिन्यात आम्हाला नात झाली आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर मुलाने तिचं नाव लिहिलं, मग आडनाव. मधली जागा कोरी.

"अरे, तिथे तुझं नाव येतं," आमच्यापैकी एकजण म्हणाला.

"बाबा, मुलीच्या नावात मध्येच माझं नाव कशाला? सगळे विचारत बसतात. मला जन्मभर विचारलंय."

वाचकहो, हा लेख 'आम्ही' म्हणून लिहायचा ठरलं होतं, पण या मुद्द्यावर आमच्यात 'आम्ही' उरलं नाही. एकाला रात्रभर झोप आली नाही. दुसरी शांतपणे म्हणाली, "माझं मधलं नाव आणि आडनाव एका दुपारीत बदललं, तेव्हा कुणाची झोप उडाली होती का?" याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण झोप आली नाही हेही खरं.

पुढे किल्ल्याने नाना सोंगं घेतली. त्याआधीच, २०१० साली, 'ट्रॉन: लेगसी'साठी तो त्या चित्रातल्यासारखा चमकत्या रेघांचा झाला होता, २०१६ च्या 'जंगल बुक'साठी पुन्हा हाताने रंगवल्यासारखा झाला. २०२२ च्या अखेरीला कंपनीच्या शंभरीच्या निमित्ताने तो अगदीच नवा आला. आमची नात तेव्हा अकरा वर्षांची होत होती. कोचावर रिमोट तिच्या हातात असतो, पण किल्ला ती कधी पळवत नाही. का, ते आम्ही विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी बेसमेंट आवरताना 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची टेप सापडली आणि, आश्चर्य म्हणजे, व्हीसीआर चालला. बऱ्याच जाहिराती होऊन शेवटी निळा पडदा आला. नात पुढे सरकून बसली. "हे तर नुसतं ड्रॉइंग आहे," ती म्हणाली. मग खालची अक्षरं वाचून, "आजी, हू इज वॉल्ट?"

आम्ही दोघेही एकदम सांगायला लागलो, त्यात कोल्हापूर आलं, तुतारी आली, पणजी आली. पणजीचं पूर्ण नाव काय होतं, असं तिने विचारलं. आम्ही सांगितलं, तिन्ही नावं, सावकाश.

"दॅट्स सो लाँग," ती म्हणाली, आणि टेप पुन्हा मागे न्यायला सांगितली.