नदीतळाचे साक्षीदार

नदीकाठी उभा राहिलेला मनुष्य बहुधा रंगावरून पाण्याची पारख करतो. पाणी नितळ दिसले की त्याचे समाधान होते. परंतु नितळपणा हा काही निर्मळपणाचा पुरावा नव्हे. तपासणीसाठी बाटलीत भरलेले पाणीदेखील केवळ त्या क्षणाची हकिकत सांगते. रात्री कोणी नदीत घाण सोडली आणि पहाटेपर्यंत ती वाहून गेली, तर बाटली बिचारी काय सांगणार?

सांगू शकतात ते तळाशी राहणारे जीव. स्वच्छ प्रवाहातला एखादा दगड उलटावा. त्याच्या खालच्या अंगाला मेफ्लाय या कीटकाची पिले चिकटलेली दिसतात. शेपटीला नाजूक तंतू आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले. पंख फुटल्यावर हा कीटक जेमतेम एखाद-दुसरा दिवस जगतो. त्याआधीचे सारे आयुष्य, थंड प्रदेशात तर कित्येक महिने, तो पाण्यातच काढतो. त्या काळात पाण्यातील प्राणवायू घटला, तर त्याचा निभाव लागत नाही. शेजारीच कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण रेशमाने सांधून आपले घर बांधत असते. गवंड्यालाही हेवा वाटावा असे ते काम!

जर्मनीतील कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी १९०९ मध्ये अशा जलचरांची प्रदूषणानुसार वर्गवारी केली. पुढे ब्रिटनमध्ये प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देण्याची रीत रूढ झाली. नाजूक जीवांना अधिक, चिवटांना कमी. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भारतीय नद्यांसाठी जुळवून घेतली. जाळे, पांढरे तबक आणि भिंग एवढ्यावर काम भागते, हे तिचे मोठेच वैशिष्ट्य.

यमुनेचेच पाहा. हिमालयातील तिच्या थंड, खळाळत्या पाण्यात स्टोनफ्लायची पिले नांदतात. हे दहा गुणांचे मानकरी. तीच नदी दिल्लीत वजिराबादच्या बंधाऱ्याखाली आली की नजफगढचा नाला तिला मिळतो. तेथून ओखल्यापर्यंतच्या पट्ट्यात गाळ उपसला, तर हाती लागल्याच तर लागतात त्या लालभडक अळ्या. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्याच बळावर त्या प्राणवायूच्या दुष्काळात तग धरतात. मत्स्यपेटीतील माशांचे खाद्य म्हणून त्या विकल्याही जातात. दोष त्यांचा नाही; इतरांना जगणे अशक्य झाले, म्हणून त्या उरल्या आहेत.