चोराचा माग

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. अमरावतीस सायंकाळची संध्या आटोपून मी ओसरीवर येऊन बसलो, तोच अकोल्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, उद्या सकाळी निघून या. बाबा जेवत नाहीत." प्रकृतीविषयी विचारले, तेव्हा म्हणाला, "प्रकृती ठीक आहे, पण पैसे गेले."

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात दादांवर रागावतच होतो. आमच्या या थोरल्या बंधूंनी छत्तीस वर्षे इतरांचे हिशेब तपासण्यात घालविली. एका रुपयाची चूकही त्यांच्या नजरेतून सुटावयाची नाही. घरही अकरा माणसांचे. अशा घरात एक मनुष्य माडीवरच्या खोलीत दार लावून दीड दिवस कैदेत बसतो आणि खाली कोणास पत्ताही नसतो! वहिनी म्हणाल्या, "मला वाटले, कसले पारायण धरले असेल." वस्तुतः फोनच्या पडद्यावर पोलिसी पोशाखातील एक इसम त्यांच्यावर डोळा ठेवून होता. तुमच्या नावावर गुन्ह्याचा पैसा फिरला आहे, तुम्हास 'डिजिटल अरेस्ट' झाली आहे, घरात ब्र काढल्यास मुलासही धरू, असा तो दरडावीत होता. असली अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, हे दादांस मागाहून कळले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या पायांनी बँकेत गेले, मुदतीची ठेव मोडली आणि सहा लाख चाळीस हजार रुपये सांगितलेल्या खात्यात पाठविले. खिडकीवरील कारकुनाने सही तेवढी पडताळून पाहिली.

रात्री पुतण्याने १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली. तोवर पैसा तीन प्रांतांतील खात्यांत वाटला गेला होता. ऐंशी हजार कोठेतरी अडले, तेवढेच. बँकेने उत्तर दिले की रक्कम तुम्हीच आपल्या हाताने पाठविली, सबब ही चोरी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमाने, आपला दोष नसता त्रयस्थाने पैसा काढला व आपण तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर तोशीस पडत नाही. परंतु तो नियम आपल्या संमतीवाचून गेलेल्या पैशापुरता आहे. भीती घालून घेतलेली संमती त्यात बसत नाही.

मी संस्कृत शिकविण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. मला याज्ञवल्क्य आठवला. चोराने नेलेले द्रव्य राजाने प्रजेस परत द्यावे, न दिल्यास ते पाप राजाच्या माथी, असे त्याचे सांगणे आहे. कौटिल्य तर माल न सापडल्यास राजाने पदरचे द्रव्य द्यावे म्हणतो. आपल्या मराठी मुलखातील वहिवाट याहून व्यवहारी होती. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढी. तो दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की तेथील जागल्याच्या हवाली होई, आणि ज्या शिवेत माग थांबे त्या गावाने चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे.

आश्चर्य असे की हीच युक्ती इंग्रजांनी आता त्यांच्या देशात लागू केली आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवणुकीला बळी पडून स्वतः पाठविलेला पैसाही ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत परत मिळतो. निम्मा भार पाठविणाऱ्या बँकेवर, निम्मा तो स्वीकारणाऱ्या बँकेवर. ग्राहकाचा अतिशय हलगर्जीपणा असेल तर अपवाद. चोराचे खाते ज्या बँकेने उघडून दिले, तिच्या शिवेत माग गेला, असाच याचा अर्थ नव्हे काय?

सरकारने व्यापारात किती हात घालावा, हा प्रश्न वऱ्हाडास नवा नाही. कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ सालीच नियमाखाली आला, आणि १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील बाजारांत दलालांस व मापाड्यांस परवाने घ्यावे लागू लागले. कायदा करणाऱ्यांची दृष्टी मँचेस्टरच्या गिरण्यांकडे होती, हे खरे. पण 'शेतकऱ्याने सावध असावे' एवढा उपदेश करून ते थांबले नाहीत. काटा धरणाऱ्यास त्यांनी बांधून घेतले. आमचे सरकार मात्र फोन लावताच सावधगिरीचा पाठ ऐकवीत आले. संस्थांविषयी ते कडक आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला झाल्याचे कळताच ६ तासांत तो सरकारी यंत्रणेस कळवावा लागतो. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या 'डिजिटल अरेस्ट'चा तपासही सी.बी.आय.कडे सोपविला. तपास होईल, चोर धरले जातील. दादांचे साडेपाच लाख कोणी द्यावयाचे?

मात्र पहारेकऱ्याने माजघरात येऊन बसावे, असेही मी म्हणत नाही. त्याच सुमारास प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घालून देण्याचा हुकूम निघाला, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेतला गेला, हे बरे झाले. पहारा वेशीवर असावा, आणि बँक ही पैशाची वेस आहे.

दादा आता जेवतात, पण पानावर बसले म्हणजे कोणाकडे पाहत नाहीत. पुतण्या महिन्यातून एकदा पोलिसांकडे खेटा घालतो. मागच्या वेळी त्यास समजले की एक खाते परप्रांतातील कोण्या मजुराचे निघाले. थोड्या पैशांसाठी त्याने ते दुसऱ्यास वापरावयास दिले होते. हे ऐकून दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या बिचाऱ्याला तरी किती मिळाले असतील रे?"