मोरस

दिवाळीच्या दिवसांत आमच्या माजघरातल्या फळीवर फराळाचे डबे ओळीने लागत. त्यांतला एक डबा सर्वांत लहान आणि जरा बाजूला सारलेला असे. तो आजीचा. आमचे शंकरपाळे साखरेचे, खुसखुशीत, तोंडात टाकताच विरघळणारे. तिचे गुळाचे, काळपट आणि दातांशी हुज्जत घालणारे. तिच्या करंजीतले सारणही गुळाचे आणि चहाही गुळाचाच. आई दरवर्षी कुरकुरे, "एका माणसासाठी दोन दोन घाणे काढायचे म्हणजे काय!" आणि दरवर्षी निमूटपणे काढी.

साखर पुढे केली की आजी दोनच शब्द बोले, "मोरस नको." साखरेला ती साखर कधी म्हणालीच नाही, मोरस म्हणायची. आम्हा मुलांना त्या शब्दाचे फार हसू येई. माझ्या भावाने तर त्याची 'मोराचा रस' अशी फोड करून ठेवली होती.

वडिलांकडे या हट्टाची उपपत्ती तयार होती. आजी टिळकांच्या काळातली. 1905 नंतर स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला होता. ती शुभ्र करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात, अशी बोलवा होती. आणि ती नुसती बोलवा नव्हती, शुद्धीकरणाच्या कारखान्यांत तसा कोळसा खरोखरच वापरीत. आपल्या घरात एक अबोल देशभक्त आहे, या कल्पनेने आम्हाला बरे वाटे. पण 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, साखर इथल्या मातीतली झाली, तरी आजी गुळावरच राहिली. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. आली नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सवयींकडे आपण भिंतीवरच्या घड्याळासारखे पाहतो. वाजते आहे ना, मग झाले.

खरी हकीकत मला 1966 साली कळली. मी कॉलेजात होते. सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. दुपारी आजी ओसरीवर वाती वळीत बसली होती. मधेच म्हणाली, "आमच्या माहेरी आज एक पान जास्त मांडायचे. मोरसच्या आजाचे."

हा मोरसचा आजा म्हणजे तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. रत्नागिरीकडचे खेडे, वरकस जमीन, नाचणी-वरीवर दिवस काढणारे घर. एका वर्षी बैलजोडी सावकाराकडे अडकली. बैल गेले म्हणजे शेत गेले. तेवढ्यात गावात एक माणूस आला. समुद्रापलीकडे मोरस नावाचे बेट आहे, तिथे पाच वर्षे काम करायचे, महिना पाच रुपये आणि वर शिधा, म्हणाला. शिवाय निघण्यापूर्वी काही महिन्यांचा पगार हातावर. धाकट्याने उचल घेतली, थोरल्याच्या हातात ठेवली आणि पडावात बसून तो मुंबईला गेला. बैल सुटले. तो परत आला नाही. पत्र येण्याचा प्रश्नच नव्हता. लिहिणारा नव्हता आणि वाचणाराही.

"मग?" मी विचारले.

"मग काय? पुष्कळ वर्षांनी बाजाराच्या गावी वाण्याकडे पांढरी साखर आली. आजाने पुडी बांधून घेतली. पोरासोरांना घेतली असेल. पैसे देताना विचारले, ही कुठली? वाणी म्हणाला, मोरस." आजीने हातातली वात पूर्ण वळून बाजूला ठेवली. "आजाने पुडी तिथेच ठेवली न् घरी आला. आम्हाला सांगायचा, भाऊ काय आला नाय, मोरस आली."

तिच्या आवाजात रडे वगैरे काही नव्हते. तिने दुसरी वात घेतली.

त्या रात्री मी कोश काढून बसले. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली साखर मुंबईच्या बाजारात इतकी येऊ लागली की बेटाचे नावच मालाला चिकटले; गुजरातेत तर अजूनही साखरेला मोरस म्हणतात. साखरेच्या बाबतीत असे होतेच म्हणा. हिंदीत ती चीनवरून चिनी झाली आणि मिसर देशावरून मिसरी. आपली शर्करा मात्र गावाच्या नावाची नव्हे, तिचा अर्थ खडे, वाळू. हीच शर्करा इराणात शकर झाली, अरबांची सुक्कर झाली आणि युरोपात शुगर होऊन बसली. आपल्या खंडातून, म्हणजे खडीसाखरेतून, इंग्रजांची कँडी झाली. शब्द असे जगभर हिंडले आणि त्यांना कोणी करारावर अंगठा उठवायला सांगितला नाही.

माणसांचे तसे नव्हते. 1493 साली कोलंबस दुसऱ्या सफरीत उसाची बेणी घेऊन वेस्ट इंडीजला गेला आणि पुढची साडेतीनशे-चारशे वर्षे जिथे जिथे तो ऊस वाढला, तिथे तिथे आफ्रिकेतून माणसे धरून न्यावी लागली. अटलांटिकवरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली; पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. सारीच काही उसासाठी नव्हेत. पण ऊस सर्वांत खादाड. ऊस तोडला की दिवसभरात चरकाला लागला पाहिजे, नाहीतर रस बिघडतो. म्हणून हंगामात चरक रात्रीही चाले आणि पेंगणारा हात रुळांत जाई. तो सापडला तर तोडायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे.

मॉरिशसमध्ये ऊस डचांनी 1639 साली जावाहून आणला. पण त्यांनी बेट सोडले आणि फ्रेंच आले. ला बूर्दोने हा गव्हर्नर 1735 मध्ये आला, त्याने साखरेचा कारखाना घातला. गुलाम मोझांबिक आणि मादागास्करहून येत, थोडे हिंदुस्थानातूनही. पळालेल्या गुलामासाठी कायदा लेखी होता. पहिल्या खेपेला कान कापायचे आणि खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यायचा, दुसऱ्या खेपेला पायाची शीर तोडायची, तिसऱ्या खेपेला जीव घ्यायचा. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. 1825 मध्ये तिथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली आणि बेटावर उसाखेरीज काही दिसेनासे झाले.

याच सुमारास इंग्लंडात एक गोष्ट घडत होती, ती मला फार विलक्षण वाटते. तिथल्या बायकांनी गुलामांच्या साखरेवर बहिष्कार टाकला होता. एलिझाबेथ हेरिक या लेस्टरच्या बाईने 1824 मध्ये पुस्तिका लिहून गुलामगिरी हळूहळू नको, आत्ताच बंद करा, असे बजावले. घरोघरच्या चहाच्या टेबलावर चिनी मातीची साखरदाणी दिसू लागली आणि तिच्यावर लिहिलेले असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. म्हणजे आपली! हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याने पिकवलेली साखर म्हणजे निष्पाप साखर. त्या बायकांविषयी मला आदरच वाटतो; मत नसलेल्या बायकांनी साखरदाणीतून राजकारण केले. पण त्या निष्पाप देशाच्या माणसांचे पुढे काय होणार होते, ते त्या साखरदाणीवर लिहिलेले नव्हते.

1833 मध्ये कायदा झाला. मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 ला गुलाम मुक्त झाले, तेही नावापुरते. उमेदवारी म्हणून त्यांना 1839 पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावे लागले. भरपाई दोन कोटी पौंड दिली गेली, ती मालकांना. ज्यांचे कान कापले होते त्यांना दिडकी नाही. ब्रिटिश सरकारने त्यासाठी काढलेले कर्ज पुढच्या कर्जांत मिसळत गेले आणि 2015 मध्ये फिटले. मी ते वाचले तेव्हा चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला.

आणि मालकांनी वाटही पाहिली नव्हती. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागले, त्यात छत्तीस मजूर होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढच्या पाऊणशे वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या एका बेटावर उतरली.

गुलामगिरी आणि गिरमिट एकच, असे मी म्हणणार नाही. आजाला कोणी साखळीने बांधून नेले नव्हते, त्याच्या मुलांना कोणी विकू शकत नव्हते, आणि करार संपला की तो कागदोपत्री मोकळा होता. हा फरक लहान नाही. पण कोठड्या त्याच होत्या, ऊस तोच होता. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत.  1867 च्या कायद्याने करार संपलेल्यांनाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे, तो नसला की भटका म्हणून तुरुंग. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने त्यांच्या बाजूने अर्ज केला, त्यावर 9,401 मजुरांच्या सह्या नि अंगठे होते. मग चौकशी आयोग बसला. त्या अर्जात आजाचा अंगठा असेल का, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही.

उचल या शब्दाचे म्हणाल, तर तो मला पुन्हा भेटला. पुढे बीड जिल्ह्यात मी काही वर्षे शिकवीत होते. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातली निम्मी बाके रिकामी राहत. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असे आणि मुले त्यांच्याबरोबर ऊसतोडीला गेलेली असत. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मी हजेरी घेई आणि गैरहजरांपुढे फुली मारी.

2014 मध्ये मुलाने मला मॉरिशसला नेले. पर्यटक समुद्र पाहायला जातात. मी हट्टाने आप्रवासी घाटावर गेले. पोर्ट लुईच्या बंदरात दगडी पायऱ्या आहेत. महिना-दीड महिना समुद्रात हेलकावे खाऊन आलेली माणसे त्या चढून आत गेली. गुडघे दुखत होते, तरी मी सगळ्या चढले. नंतर मोटारीतून उसाचे मळे पाहिले. शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग रचलेले, देवळाच्या शिखरासारखे. ज्वालामुखीचे बेट; दगड उपसल्याशिवाय ऊस लावता येत नाही. भरती करणारे लोक सांगत म्हणे, की तिथे दगड उलटला की खाली सोने सापडते. दगड उलटण्याचा भाग खरा होता.

मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. तिथल्या बाईंनी फार अगत्याने विचारले, "नंबर माहीत आहे का?"

नंबर! प्रत्येक माणसाला नंबर होता आणि नंबर असला की माणूस सापडतो. माझ्याकडे फक्त नाव होते, कोकणात दर दहा घरांत एकाचे असते तसले. बापाचे नाव मी आजीला विचारलेच नव्हते. 1971 मध्ये ती गेली. गावाचे नाव सांगितले, तर गोऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेल्या त्या गावांच्या नावांत आमचे गाव कोणते, ते ब्रह्मदेवालाही कळले नसते. त्या नावाचे चार माणूस निघाले. चौघेही मुंबई बंदराचे. एकाच्या डाव्या भुवईवर व्रण. एक उतरल्यावर वर्षाच्या आत मेलेला. त्यांतला आमचा कोणता? मी चौघांची नोंद उतरून घेतली. भिंतीवर मजुरांची छायाचित्रे होती, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारी. त्या चेहऱ्यांत मी आजीचे नाक शोधीत फिरले. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता."

संध्याकाळी काळ्या नदीच्या जिल्ह्यात एका मराठी कुटुंबाकडे गेलो. यजमान सत्तरीचे. आपसांत क्रिओल बोलत होते, माझ्याशी जपून जपून मराठी. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि गणपतीपुढे झाकरी नाचतात, म्हणाले. आपली कोकणातली जाखडीच ती. मी त्यांना आजाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्या घरी उलटी गोष्ट सांगतात. आमचा आजा म्हणायचा, गावी भाऊ आहे, बैल आहेत, तो बोलावील."

निघताना त्यांनी तिथल्या साखरेचा एक पुडा हातात ठेवला. तपकिरी साखर. अलीकडे ही तपकिरी साखरच परदेशात पांढरीपेक्षा महाग विकतात. आजी हसली असती.

आता माझ्याविषयी. मी आयुष्यभर साखर खाल्ली आणि आवडीने खाल्ली. आता डॉक्टरांनी बंद केली आहे, आणि गूळही, त्यामुळे त्यागाचे पुण्य माझ्या वाट्याला येण्याची आशा नाही. तो पुडा मात्र मी आणून कपाटात ठेवला. त्याच वर्षी दिवाळीत शंकरपाळे करताना सुनेला साखर कमी पडली. दुकाने बंद झाली होती. तिने कपाट उघडले, पुडा काढला आणि वरचे नाव वाचीत विचारले, "आई, हा फोडू का?"

मी कणीक मळता मळता म्हटले, "वरच्या फळीवर गूळ असेल, तो घे."