आगामी प्रदर्शनांची यादी

कलादालनांनी जाहीर केलेल्या आगामी प्रदर्शनांच्या याद्या मी नियमाने वाचते. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावी राहून मराठी शिकवणाऱ्या बाईने असा छंद बाळगावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई गाठता येते, हे खरे. पण दोन रात्रींचा प्रवास, रजा आणि मुक्कामाचा खर्च एका चित्रप्रदर्शनासाठी करायचा, हे घरात सांगताना शब्द जड होतात. परिणामी बहुतेक प्रदर्शने माझ्यापुरती काही काळ आगामी असतात आणि मग एकदम होऊन गेलेली असतात. मधली ‘चालू’ ही अवस्था आमच्या वाट्याला सहसा येत नाही.

तरीही ही यादी महत्त्वाची का वाटते? आपण साहित्याचे अध्यापक अभ्यासक्रम बनवतो तेव्हा काय घडते, ते आठवून पाहावे. एखादा कवी अभ्यासक्रमात लागला की त्याचे दुर्मीळ झालेले संग्रह पुन्हा छापले जातात, त्याच्यावर चर्चासत्रे होतात, मार्गदर्शिकादेखील निघतात. प्रदर्शनांच्या यादीचेही तसेच आहे. प्रदर्शन झाले की कॅटलॉग निघतो, परीक्षणे येतात, चित्रांची छायाचित्रे सर्वदूर जातात. दालनाची पायरी कधीही न चढलेल्या माणसाच्या हाती जे काही पोचते, ते या यादीच्या चाळणीतून गळून आलेले असते. म्हणून ती चाळणी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दूरच्या वाचकाचाही आहे.

हा प्रश्न 8 फेब्रुवारी 2019 रोजी मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जाहीरपणे विचारला गेला. प्रसंग होता प्रभाकर बरवे (1936–1995) यांच्या ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा. अमोल पालेकर बोलत होते. मुंबई आणि बंगळुरू येथील केंद्रांच्या, स्थानिक कलावंतांचा समावेश असलेल्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या असून काय दाखवायचे याचा निर्णय यापुढे दिल्लीतून होणार, याबद्दल त्यांनी चिंता व्यक्त केली. त्यांना मध्येच थांबवून बरव्यांविषयीच बोलण्यास सांगण्यात आले. तेव्हा पालेकरांनी यवतमाळच्या साहित्यसंमेलनाची आठवण करून दिली. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण त्याच वर्षीच्या जानेवारीत ऐनवेळी मागे घेण्यात आले होते. आम्हा वैदर्भीयांना ती आठवण अधिकच बोचली.

पालेकरांच्या चिंतेत दोन आगामी सिंहावलोकनी प्रदर्शनांचा विषयही होता : मेहली गोभाई आणि सुधीर पटवर्धन. पुढे ही दोन्ही प्रदर्शने झाली, हेही सांगितले पाहिजे. पटवर्धनांचे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ 2019च्या नोव्हेंबरअखेरीस उघडले. गोभाईंचे 2020च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर. म्हणजे भीती अक्षरशः खरी ठरली नाही. परंतु प्रदर्शन होणे आणि ते ठरवण्याचा अधिकार जागेवर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसऱ्या गोष्टीबद्दलचा प्रश्न निकालात निघत नाही.

या सगळ्या चर्चेत मला अडकवून ठेवले ते ‘प्रादेशिक केंद्र’ या शब्दप्रयोगाने. दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये 1954 साली सुरू झालेल्या संस्थेची मुंबईतील शाखा सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 साली आली. दिल्लीच्या लेखी ती प्रादेशिक. मुंबईच्या लेखी नागपूर प्रादेशिक, नागपूरच्या लेखी भंडारा, आणि भंडाऱ्याच्या लेखी करडी. ‘प्रादेशिक कादंबरी’ या संज्ञेवर आपण वर्गात तास घालवतो. ती संज्ञा लावणारा स्वतः कोठे उभा असतो, हे मात्र क्वचित विचारतो. मुंबईच्या कलावंतांना 2019मध्ये जे एकाएकी जाणवले, तो आमचा नित्याचा अनुभव आहे. आमच्यासाठी काय आगामी आहे, हे नेहमी दुसरीकडेच ठरत आले आहे.

आणि तरी चित्रकला आमच्यापासून जन्मतःच दूर होती असे नाही. वासुदेव गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले. मंडला जिल्ह्यात 1922 साली जन्मलेले रझा मुंबईला जाण्यापूर्वी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि भंडारा त्याच प्रांतातला जिल्हा. दोघांची वाट पुढे मुंबईच्या जे. जे.कडे गेली.

एकदा वर्गात बरव्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’विषयी बोलताना मी त्यांच्या एका चित्राचे मुद्रित रूप दाखवले. बरवे एनॅमल रंग वापरीत. पान, घड्याळ अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रात एकमेकींपासून अंतर राखून असतात, वगैरे मी सांगत होते. विणकर कुटुंबातल्या एका मुलीने विचारले, “मॅडम, याचा पन्हा केवढा आहे जी?” वर्ग हसला. मला मात्र तो त्या तासाचा सर्वांत मर्मग्राही प्रश्न वाटला. छापील पानावर सारी चित्रे एकाच मापाची होतात. चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या शरीराला जे कळते, ते पानातून गळून जाते. कोशाच्या करवतकाठी लुगड्याचे काठ जोडताना तीन धोटे चालतात, हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीला मापाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. बरवे स्वतः अनेक वर्षे हातमाग विणकरांसाठी असलेल्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होते, हे मी तिला सांगितले. पन्ह्याचे उत्तर तिला प्रत्यक्ष चित्रच देऊ शकले असते.

स्थानिक समितीचा आग्रह मला याच कारणाने पटतो. स्थानिक माणसे अधिक शहाणी किंवा अधिक निःपक्ष असतात, असा माझा भाबडा समज नाही. साहित्यसंस्थांतील स्थानिक राजकारण आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्या माणसांना गाठता येते, त्यांना जाब विचारता येतो, आणि समोरचा प्रेक्षक काय जाणतो याची त्यांना थोडीतरी कल्पना असते. पन्हा विचारणारी मुलगी ज्यांच्या माहितीतली आहे, त्यांच्यापैकी कोणीतरी यादी करणाऱ्यांत असावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रदर्शन नागपुरात आले तर सकाळी निघून रात्री घरी परतता येते. वर्गाला घेऊन जाता येते.